एका ठशातून किती नाणी?

आजचा भाग एका पत्रामुळे करतो आहे.

मागे एकदा ग्रीक नाण्यांवर बोलताना मी एका दमात सांगून टाकलं होतं की, एका ठशातून सरासरी २० हजार नाणी पडायची. ठसे मोजा, २० हजारांनी गुणा, की त्या टाकसाळीचं उत्पादन हातात. भाग संपला, लोकांना आवडला, मीही विसरलो. मग बडोद्याहून एका गृहस्थांचं पत्र आलं. ते चाळीस वर्षं टूल रूममध्ये डाय बनवत होते. त्यांनी लिहिलं होतं: "एकाच पोलादाचे, एकाच भट्टीत पाणी दिलेले दोन डाय आम्ही प्रेसवर चढवत असू. एक दुसऱ्याच्या तिप्पट चालायचा. शिवाय ऑर्डर पूर्ण झाली की चांगला डायसुद्धा फळीवर जाऊन पडायचा. तुमच्या ग्रीकांचे सगळे ठसे २० हजारांवरच कसे काय मोडायचे?"

पत्र वाचलं आणि कान गरम झाले. मी इंदूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. सरासरी सांगताना पसारा सांगायचा असतो, हे मी दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून देतो. तेव्हा आज नीट, पहिल्यापासून.

ग्रीक नाणं पाडायला दोन ठसे लागत. एक ऐरणीत पक्का बसवलेला. दुसरा हातात धरायच्या जाड छिन्नीच्या टोकाला कोरलेला. चांदीची चकती मध्ये ठेवायची आणि वरून घण. खालच्या ठशावर बहुधा देवाचं किंवा देवीचं मुख असे, वरच्यावर घुबड, गरुड, रथ असं काही. आपण नाणेफेकीत म्हणतो तसं खालच्याला छाप्याचा ठसा म्हणू आणि वरच्याला काट्याचा. घणाचा घाव थेट काट्याच्या ठशावर बसतो, त्यामुळे तो लवकर फुटतो. छाप्याचा ठसा ऐरणीच्या कुशीत सुरक्षित असतो. म्हणून एका छाप्याच्या ठशाच्या आयुष्यात काट्याचे दोन, तीन किंवा जास्तही ठसे खर्ची पडतात. उत्पादन मोजताना अभ्यासक छाप्याचे ठसे मोजतात ते यासाठीच: ते कमी असतात आणि जास्त टिकतात.

आता मोजणं शक्य का होतं, तर प्रत्येक ठसा हाताने, उलटा कोरलेला असे. एकाच कारागिराने एकाच दिवशी कोरलेले अथेनाचे दोन चेहरेसुद्धा सारखे नसतात. शिरस्त्राणावरचं ऑलिव्हचं एक पान जरा तिरकं, कानातलं किंचित खाली, एक अक्षर काठाला चिकटलेलं. दोन नाण्यांवर हे सगळे बारकावे तंतोतंत जुळले तर ती एकाच ठशाची. ठसा झिजत गेला, त्याला तडा गेला, की तो तडाही नाण्यावर उमटतो आणि पुढच्या नाण्यांवर वाढत जातो. त्यावरून आधीचं नाणं कोणतं, नंतरचं कोणतं, तेही कळतं. दक्षिण इटलीतल्या टेरिना या ग्रीक नगराच्या नाण्यांचा असा अभ्यास कुर्ट रेगलिंग या जर्मन विद्वानाने १९०६ साली छापला आणि पुढच्यांना वाट मिळाली. तेव्हा जगभरच्या संग्रहांतून प्लास्टरचे साचे मागवत आणि टेबलावर मांडून भिंगाने बघत. आता फोटो असतात आणि जुळणी सुचवायला संगणकही मदत करतो. शेवटचा निवाडा मात्र डोळ्यांचाच. मी हौसेखातर चाळीसेक फोटो घेऊन बसलो होतो. दोन रात्रींत जुळवणी पूर्ण केली, आठवड्याने पुन्हा पाहिलं तर तीन जोड्या चुकलेल्या. एका ठिकाणी तर ज्याला मी तडा समजलो होतो तो नाण्यावरचा ओरखडा होता.

समजा, आपण हे काम चोख केलं. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. हे कुठल्या खऱ्या टाकसाळीचे नाहीत. एका मालिकेची १०० नाणी आज उपलब्ध आहेत. त्यांवर छाप्याचे ४० वेगवेगळे ठसे दिसले. मग टाकसाळीत ४०च ठसे वापरले गेले का? नाही, कारण ज्या ठशाचं एकही नाणं आपल्यापर्यंत पोचलं नाही तो आपल्याला दिसणारच नाही. न दिसलेले ठसे मोजायचे कसे?

इथे माझ्या विषयाची खरी गंमत आहे. जंगलात जाळं लावून फुलपाखरं पकडली. इतक्या जाती सापडल्या. न सापडलेल्या किती असतील? प्रश्न तोच आहे. १९५३ साली आय. जे. गुड यांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि त्यातली मूळ कल्पना अ‍ॅलन ट्युरिंगची असल्याचं नमूद केलं. दोघं महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडत होते. कल्पना अशी: एकदाच दिसलेल्या गोष्टींकडे लक्ष द्या. आपल्या १०० नाण्यांत १६ ठसे असे आहेत की त्यांचं एकेकच नाणं मिळालं. म्हणजे उद्या याच मालिकेचं नवं नाणं सापडलं तर ते अनोळखी ठशाचं असण्याची शक्यता साधारण १६ टक्के. आपल्या हातातल्या ४० ठशांनी एकूण उत्पादनाचा सुमारे ८४ टक्के भाग व्यापला आहे. एकेकटे ठसे जितके कमी, तितकं आपलं चित्र पूर्ण.

ठशांचा एकूण आकडा काढायला वॉरेन एस्टी या अमेरिकी गणितज्ञाचं एक सूत्र आहे, वहीच्या मागच्या पानावर मावेल असं. नाण्यांची संख्या गुणिले दिसलेले ठसे. भागिले त्या दोघांतला फरक. १०० गुणिले ४० म्हणजे ४,०००. फरक ६०. उत्तर ६७. म्हणजे आणखी २७ ठसे होते, पण त्यांनी मिळून उरलेली १६ टक्केच नाणी दिली, असं हे सूत्र म्हणतं. ते लवकर मोडलेले ठसे.

बडोद्याच्या गृहस्थांच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर इथे आहे. सगळे ठसे सारखेच टिकले असं हे सूत्र धरतच नाही. काही पहिल्याच दिवशी फुटतात, काही चालतच राहतात, असा मोठा पसारा त्यात गृहीत आहे. सगळे ठसे सारखे टिकले असं मानून हिशेब केला असता तर त्याच १०० नाण्यांवरून ६७ नाही, सुमारे ४५ ठसे निघाले असते. पण मग एकेकटे ठसे १०-११च्या आसपास दिसायला हवे होते, आणि आपल्याकडे आहेत १६. म्हणजे टूल रूमचा अनुभव आणि नाणी एकच गोष्ट सांगतात.

अर्थात ६७ हा आकडाही दगडावरची रेघ नाही. १०-१५ ठशांचा फरक सहज पडू शकतो. नमुना मोठा झाला की फरक आटतो. २०० नाण्यांत मिळून २० ठसे दिसले, तर सूत्र २२ सांगतं, आणि तिथे शंकेला फारशी जागा उरत नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सगळी नाणी एकाच पुरलेल्या हंड्यातली असतील तर सावध. टाकसाळीतून निघालेली थैली तशीच्या तशी पुरली गेली असेल, तर त्यात मोजके ठसे पुन्हा पुन्हा दिसतील आणि आपण एकूण आकडा कमी धरू. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी मिळालेली नाणी हवीत.

इथवर जमीन बऱ्यापैकी घट्ट आहे. पाय घसरतो तो गुणाकारात.

६७ ठसे. दर ठशाला २० हजार धरले तर १३ लाख ४० हजार नाणी. ही चार द्राख्मांची नाणी आहेत असं समजू, वजन १७.२ ग्रॅम. म्हणजे सुमारे २३ टन चांदी. ग्रीक हिशेबात ६,००० द्राख्मा म्हणजे एक टॅलंट, साधारण २६ किलो चांदी. (इंग्रजीत हुशारीला टॅलंट म्हणतात तो शब्द याच वजनावरून गेला.) आपलं उत्पादन झालं जवळजवळ ८९० टॅलंट. आता हा आकडा जिवंत करायला थुसिडिडीजकडे जाऊ. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीतल्या एगेस्टा नगराचे दूत अथेन्सला आले. येताना ६० युद्धनौकांचा एका महिन्याचा पगार म्हणून त्यांनी ६० टॅलंट चांदी आणली. नौकेमागे महिन्याला एक टॅलंट. त्या दराने आपल्या ८९० टॅलंटवर ६० नौकांचा ताफा १५ महिने लढेल.

पण दर ठशाला १० हजारच नाणी पडली असतील तर? मग ताफा साडेसात महिन्यांत घरी. ४० हजार पडली असतील तर अडीच वर्षं समुद्रावर. ठसे तेच, नाणी तीच, सूत्र तेच. एका आकड्याच्या निवडीवर एक नगर एका मोसमापुरतं लढतं की दीर्घ युद्ध पेलतं, हे ठरतंय. इतिहासाच्या पुस्तकात "या राजाने अमुक टन चांदीची नाणी पाडली" असं वाक्य येतं तेव्हा त्याच्या पोटात हा गुणाकार लपलेला असतो. मी त्या भागात नेमका तोच लपवला होता.

मग हा आकडा येतो कुठून? तीन वाटा आहेत. पहिली, स्वतः करून बघणं. डेव्हिड सेलवुड यांनी १९६३ साली असे प्रयोग प्रसिद्ध केले. जुन्या पद्धतीचे ठसे करून, घण मारून त्यांनी पाहिलं आणि छाप्याचा ठसा १० हजारांच्या पुढे जाऊ शकतो असा त्यांचा अंदाज निघाला. चकती तापवून मारली की ठसा जास्त जगतो. दुसरी वाट मध्ययुगीन इंग्लंडची. तिथे किती ठसे दिले आणि किती चांदीची नाणी झाली, याचे सरकारी हिशेब शिल्लक आहेत. त्यांत सरासरी काही दहा हजारांत येते खरी, पण वर्षावर्षांत एवढी वरखाली होते की बडोद्याच्या गृहस्थांना ते वाचून घरी आल्यासारखं वाटेल. आणि तो काळ, ते पोलाद, ती पातळ पेनी. ग्रीकांशी नातं लांबचं.

तिसरी वाट थेट ग्रीसमधली, आणि तशी ही एकच. डेल्फी.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. इ.स.पू. ३५६ मध्ये फोकिस प्रांताच्या लोकांनी डेल्फीचं अपोलोचं देऊळ ताब्यात घेतलं. पुढची १० वर्षं देवाचं सोनं-चांदी वितळवून त्यांनी भाडोत्री सैन्य पोसलं. डिओडोरस हा इतिहासकार लुटीचा आकडा १० हजार टॅलंटच्या वर सांगतो. ३४६ मध्ये फोकिस हरलं. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या अम्फिक्टिऑनी नावाच्या राज्यसंघाने त्यांना दंड केला: वर्षाला ६० टॅलंट, हप्त्याहप्त्याने, देवाला परत. हप्ते येत गेले आणि डेल्फीच्या तिजोरीत नाना गावांची, नाना वजनांची जुनी नाणी साठली. ३३६च्या सुमारास संघाने ठरवलं की ही सगळी वितळवून आपली स्वतःची, एका वजनाची नाणी पाडायची. छाप्यावर बुरखा घेतलेली डिमिटर, काट्यावर देवळातल्या पवित्र दगडावर बसलेला अपोलो, भोवती संघाचं नाव. मोठं नाणं साधारण १२ ग्रॅमचं. दिसायला फार देखणं, आज दुर्मिळ.

देवाचा पैसा, म्हणून हिशेब दगडावर कोरले. फ्रेंचांनी डेल्फी खणून काढलं तेव्हा हे फुटके दगडही हाती आले. किती चांदी नव्या नाण्यांसाठी दिली ते त्यांवर आहे, सलग नाही, पण आहे. दुसरीकडे नाणी आहेत, त्यांवरून छाप्याचे ठसे मोजता येतात आणि ते मोजकेच आहेत. चांदीला ठशांनी भागा. फिलिप किन्स यांनी १९८३ साली हा भागाकार नव्याने मांडला. उत्तर: एका ठशामागे सुमारे २३ हजार ते ४७ हजार नाणी.

बघा, शिलालेखाचा पुरावा, एकच टाकसाळ, एकच मालिका, थोडक्या काळातली. तरीही उत्तर दुपटीच्या फरकाने येतं, कारण दगड फुटके आहेत, चांदीपैकी किती भाग मोठ्या नाण्यांत गेला आणि किती छोट्यांत हे पक्कं नाही, आणि न दिसलेले ठसे आहेतच. शिवाय या देवळाच्या टाकसाळीचा दर अथेन्सच्या किंवा अलेक्झांडरच्या टाकसाळीला लावायचा का, हा प्रश्न उरतोच.

यावरून १९९०च्या दशकात चांगली जुंपली होती. टी. व्ही. बट्री यांनी 'न्यूमिस्मॅटिक क्रॉनिकल' या नियतकालिकात १९९३ आणि १९९४ मध्ये ओळीने दोन लेख लिहिले. दुसऱ्याच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलं की हे करता येत नाही. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात तोच, जो बडोद्याच्या पत्राच्या दुसऱ्या वाक्यात आहे. ठसा मोडेपर्यंत वापरला गेला हे कोण सांगतं? टाकसाळ गरजेपुरती चालते. पगार वाटून झाले की काम थांबतं, आणि ठसा बाजूला पडतो. १९९५ मध्ये फ्रांस्वा द कालाताय या बेल्जियन अभ्यासकाने उत्तर दिलं: छोट्या मालिकेबाबत हे खरं आहे, पण शेकडो ठसे लागलेल्या मोठ्या मालिकेत अर्धवट राहिलेले ठसे आणि दीर्घायुषी ठसे एकमेकांना सावरून घेतात, मोठ्या आकड्यांवर सरासरी बोलू शकते. २० हजार ही त्यांनी कामापुरती धरलेली संख्या. मी ती उचलली आणि 'कामापुरती' हा शब्द मागे सोडून आलो.

माझं मत विचाराल तर बट्री यांचा इशारा खरा, पण त्यांचा निष्कर्ष जरा टोकाचा. एका टाकसाळीत, त्याच वजनाच्या नाण्याला, गेल्या दशकात १० ठसे लागले आणि या दशकात ६० लागले, तर उत्पादन सहापटीच्या आसपास वाढलं हे म्हणायला २० हजार की ४० हजार हे माहीत असायची गरज नाही. गुणक दोन्हीकडे तोच असेल तर तो कटून जातो. "तेव्हा काहीतरी मोठं घडलं, पैशाची एकदम गरज पडली" एवढं ठसे ठामपणे सांगू शकतात. टनांचा आकडा मागितला की ते चाचरतात. तुलना मागा, टन मागू नका, असं मी आता वर्गात सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी त्या भागात माझ्या ध्यानातच आली नव्हती. नाणी किती पडली हे कळलं तरी नवी चांदी किती आली हे कळत नाही. डेल्फीचंच घ्या: नवी कोरी नाणी, पण चांदी जुन्याच नाण्यांची. उलट एगेस्टाच्या दूतांनी आणलेली ती ६० टॅलंट चांदी, थुसिडिडीज सांगतो, नाणी न पाडलेली होती. ताफा निघण्याइतका पैसा, आणि ठशांच्या हिशेबात त्याचा मागमूस नाही.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याकडचं आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. ही नाणी ग्रीक द्राख्माच्याच वंशातली. राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरं आहेत, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. (आपला 'दाम' हा शब्दसुद्धा द्राख्मा, द्रम्म असा प्रवास करत आला.) त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. वितळवण्याची तसदीही नाही. नहपानाचं नाणं ऐरणीवर ठेवलं आणि घण हाणला. काही नाण्यांवर सातवाहनांच्या चिन्हाखालून जुन्या राजाचं नाक अजून दिसतं. आता कोणी नहपानाचे ठसे मोजले, गौतमीपुत्राचे ठसे मोजले आणि दोन्हीची चांदी बेरजेत धरली, तर एकच नाणं दोनदा मोजलं जाईल. राज्य बदललं, ठसे बदलले, चांदी तीच.

बडोद्याला उत्तर पाठवलं आहे. पहिला मुद्दा सूत्रात धरलेला आहे, दुसरा धरलेला नाही आणि धरता येईल असा कुठलाही कागद वा दगड डेल्फीबाहेर ग्रीकांनी ठेवलेला नाही, असं लिहिलं. त्या जुन्या भागाचा पाठ या ई-पुस्तकात घेताना '२० हजार'चं वाक्य काढून तिथे ठशांची संख्या तेवढी ठेवली आहे, आणि नौकांच्या महिन्यांचे तिन्ही हिशेब शेजारी दिले आहेत. त्यांचं लगेच उलट पत्र आलं. त्यात एकच प्रश्न आहे: ग्रीकांचे ठसे काशाचे होते की लोखंडाचे, आणि लोखंडाचे असतील तर त्यांना पाणी कशात देत? त्यावर वाचतो आहे.